गोठा, अंगण आणि घराची स्वच्छता

ज्या घरी मुके जनावर आहे त्या घराची पहाट इतरांच्या पहाटेपेक्षा थोडी लवकर होते. गाय हंबरू लागते, कुत्रा दाराशी येऊन उभा राहतो, मांजर पायांत घोटाळू लागते आणि घरातील कोणीतरी उठून हातात केरसुणी घेते. दूध, राखण आणि सोबत हे जनावराचे देणे आपण सारेच जाणतो. परंतु शेण, मूत, केस, पिसवा, चिखल आणि वास हेही त्याच्या पाठोपाठ घरात येतात. या दुसऱ्या गोष्टींची नीट व्यवस्था लावली नाही, तर पहिल्या देण्याचे सुख घरधन्याच्या पदरात पडत नाही. माणसाने जनावरे कशी माणसाळवली याचा इतिहास शाळेच्या पुस्तकांत असतो. त्या जनावरांसह राहताना त्याने आपले घर आणि अंगण कसे राखले, हा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. आज त्याविषयी चार शब्द आपल्यापुढे ठेवावे असा विचार आहे.

आरंभ एका शब्दापासून करू. आपला 'गोठा' हा शब्द संस्कृत 'गोष्ठ' या शब्दावरून आला. गोष्ठ म्हणजे गाई उभ्या राहण्याची जागा. जेथे गाई जमत तेथे त्यांचे राखणारेही जमत, आणि चार माणसे जमली की बोलणे आलेच. त्या जमण्याला 'गोष्ठी' हे नाव पडले, आणि त्याच गोष्ठीची पुढे आपली 'गोष्ट' झाली. म्हणजे आजी नातवंडांना सांगते ती गोष्ट आणि परसातला गोठा ही एकाच मुळाची दोन पाने आहेत. आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने गोठा ही घराबाहेर ढकलून दिलेली अडगळ नव्हती, तर माणसांच्या उठण्याबसण्याची ती जागा होती, एवढे या शब्दावरून दिसते.

पण बसण्याजोगी जागा हवी, तर ती प्रथम स्वच्छ हवी. तेव्हा शेणाचे काय करावे हा प्रश्न फार जुना असला पाहिजे. त्याचे एक अतिप्राचीन उत्तर कृष्णा आणि तुंगभद्रा या नद्यांच्या परिसरात आजही उभे आहे. बेल्लारी, रायचूर, कलबुर्गी आणि पूर्वीचा महबूबनगर या जिल्ह्यांत राखेच्या मोठमोठ्या टेकड्या आढळतात. हे राक्षसांच्या चितांचे अवशेष आहेत असे तेथील लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. एकोणिसाव्या शतकात भूस्तरशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी ही जळालेल्या शेणाची राख असावी असे सुचविले. पुढे १९५७ साली रेमंड ऑल्चिन यांनी महबूबनगरकडील उटनूर येथे उत्खनन केले, तेव्हा ताडाच्या खोडांच्या कुंपणाच्या खुणा मिळाल्या आणि राखेच्या थरांत गुरांच्या खुरांचे ठसेही उमटलेले दिसले. नवाश्मयुगातील, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या सहस्रकातील ते गुरांचे वाडे होते. वाड्यात शेण साचे, ते ठराविक काळाने पेटवून देत, आणि त्या राखेवर पुन्हा गुरे बांधत. ऑल्चिन यांनी या जाळण्याचा संबंध होळी-संक्रांतीसारख्या सणांतील अग्नीशी जोडला. ते काहीही असो. मनुष्य जनावरांजवळ राहू लागला तेव्हाच साचलेल्या घाणीचा निकाल लावण्याची वेळ त्याने ठरवून टाकली होती, ही गोष्ट या राखेने जपून ठेवली आहे.

यानंतरचा टप्पा नर्मदाकाठी दिसतो. महेश्वरच्या समोर, नदीच्या दुसऱ्या तीरावर, नावडातोली येथे पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी १९५२-५३ साली आणि पुन्हा १९५७ ते १९५९ या काळात खोदकाम केले. डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखालील या संशोधकांना साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे एक खेडे सापडले. खांब रोवून, कुडाला चिखल लिंपून बांधलेली घरे, आणि त्यांच्या चुन्याचा पातळ हात दिलेल्या जमिनी. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या आणि डुकरे यांची हाडेही तेथे मिळाली. ज्या घरांच्या आसपास इतकी जनावरे वावरत, त्या घरांच्या जमिनी वारंवार नव्या केलेल्या आढळाव्यात, यात नवल नाही. सारवणाची परंपरा निदान माळव्याइतकी आणि नर्मदेइतकी आपली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

खेड्याचे नगर झाले की घाण ही एका घराची बाब राहत नाही. ती शेजाऱ्याची होते, आणि मग राजाचीही होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हे स्पष्ट दिसते. या ग्रंथाची चिकित्सित आवृत्ती र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केली. त्यात घरबांधणीचे नियम आहेत. गाड्या आणि चतुष्पाद जनावरे ठेवण्याची जागा शेजाऱ्याच्या भिंतीपासून अंतर सोडून असावी, सांडपाण्याला वाट असावी, उकिरडा नेमलेल्या ठिकाणीच असावा, असे तो सांगतो. रस्त्यावर केर टाकणाऱ्यास पणाचा आठवा भाग दंड, आणि चिखलपाणी तुंबविणाऱ्यास पाव पण. मांजर, कुत्रा, मुंगूस किंवा साप यांचे प्रेत नगरात टाकले तर तीन पण दंड. गाढव, उंट, घोडा किंवा गुरे यांचे टाकले तर सहा. कुत्र्यामांजरांच्या प्रेतांसाठी वेगळा दंड सांगावा लागला, यावरूनच ती त्या नगरांत किती वावरत असतील याची कल्पना येते. जनावर बाळगू नका, असे कौटिल्य कोठे म्हणत नाही. त्याचे म्हणणे इतकेच, की बाळगणाऱ्याने त्याच्या जगण्याची आणि मरण्याची दोन्ही जबाबदारी घ्यावी.

जे राजाने दंडाने साधले ते गृहस्थाश्रमाने आचाराने साधले. पंचमहायज्ञांतील भूतयज्ञात गृहस्थाने जेवण्यापूर्वी कुत्री, कावळे, किडामुंगी यांच्यासाठी अन्न जमिनीवर ठेवावे असा विधी आहे. गोग्रास तर अगदी अलीकडेपर्यंत घरोघरी निघत असे. धर्मदृष्ट्या याचा अर्थ काय तो जाणत्यांनी सांगावा. संसाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की जनावराच्या खाण्याला वेळ ठरलेली होती आणि जागाही ठरलेली होती. जेथे तेथे पडलेले उष्टे म्हणजे उंदीर, घुशी आणि माश्या यांना आमंत्रण, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. नेमल्या जागी नेमल्या वेळी वाढले की खाणारा खाऊन जातो आणि जागा झाडून घेता येते.

मराठी राज्यात या विचाराला आणखी एक वळण मिळाले. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्र' सिद्ध केले. त्यात गडांच्या व्यवस्थेचे नियम सांगताना त्यांनी केरकचऱ्याचाही विचार केला आहे. गडावर वाटांत, बाजारात, तटाजवळ केर पडू देऊ नये. तो गडाखाली लोटून देऊ नये. जागोजाग जाळावा, आणि ती राख परसात टाकून घरोघरी भाजीपाला करावा, असा त्यांचा उपदेश आहे. उटनूरच्या गुराख्याने शेण जाळले आणि राख तशीच राहू दिली. अमात्यांच्या माणसाने केर जाळला, पण राख वांग्या-मिरच्यांच्या मुळाशी घातली. या दोहोंच्या दरम्यान कधीतरी माणसाला उमगले होते की घाण ही नष्ट करण्याची वस्तू नसून जागेवर नेऊन ठेवण्याची वस्तू आहे. चुकीच्या जागी ती घाण असते, योग्य जागी ती खत असते.

ही योग्य जागा प्रत्येक प्रांताने आपापल्या पावसापाण्याप्रमाणे ठरविली. देशावर आणि बेळगाव-कोल्हापूरकडील जुन्या घरांत दरवाज्यातून आत शिरले की प्रथम गुरे बांधण्याची जागा लागे, आणि माणसांचा सोपा तिच्याहून चांगला हातभर उंच असे. चोराचे भय आणि बैलांचे मोल, दोन्ही या रचनेत दिसतात. जनावर आणि माणूस एका छपराखाली खरे, पण त्यांच्यामधली ती पायरी कोणी ओलांडू नये असा दंडक. कोकणात आणि गोव्यात पाऊस मोठा, तेव्हा तेथे गोठा घरापासून वेगळा असे. नाहीतर चार महिने घरभर दमट वास कोंडून राहावयाचा. पावसाळा संपला की तेथे अंगण उकरून, नवी माती घालून, चोपणीने चोपून शेणाने सारवीत. हे नवे अंगण म्हणजे दिवाळीची चाहूल. वाड्यांतून गोठा आणि पागा मागच्या किंवा बाहेरच्या चौकात. कोंबड्यांना खुराडे किंवा डालगे, कुत्र्याला ओटीची पायरी, मांजराला चुलीची ऊब. ज्याची त्याची जागा ठरलेली.

वेळही तशीच ठरलेली. पहाटे शेणघाण काढावयाची, गव्हाणीतला खाऊन उरलेला कडबा बाजूला करावयाचा, मुताचा चर मोकळा करावयाचा. काही शेण उकिरड्यात, काही गोवऱ्यांना, काही सड्याला. दिवे लागण्याच्या वेळी गोठ्यात धुरी, म्हणजे डास आणि गोमाश्या हटतात. आठवड्याने सारवण. आणि वर्षातून एकदा जनावरांचाच सण. बेळगावकडे बेंदूर, वऱ्हाड-माळव्याकडे पोळा, गोव्यात दिवाळीतला गोरवांचा पाडवा. त्या दिवशी बैल नदीवर धुतला जाई, शिंगे रंगवीत, आणि गोठा कोपऱ्याकोपऱ्यापर्यंत निघे. सणाच्या निमित्ताने वर्षाची मोठी साफसफाई होऊन जाई.

येथवरचे चित्र मोहक आहे. पण इतिहास सांगणाऱ्याने मोहात पडून चालत नाही. एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली आणि ही घडी विस्कटली. मुंबईत वाड्याऐवजी चाळ आली; अंगण गेले, परस गेले, पण जनावरे राहिली. १८३२ साली मुंबई सरकारने मोकाट कुत्री मारणाऱ्यांस इनाम लावले. इनामाच्या लोभाने मारेकरी आवारांत शिरून पाळीव कुत्रीही नेऊ लागले, तेव्हा जूनमध्ये शहरात मोठा दंगा झाला. पारशी धर्मात कुत्र्याचे स्थान पवित्र, म्हणून पारशी समाज त्यात अग्रभागी होता. यानंतर दोनच वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरपोळ स्थापिला. मोकाट जनावराचे काय करावे, या प्रश्नाला एकाने लाठीचे उत्तर दिले, दुसऱ्याने जागेचे.

याहून मोठी कसोटी प्लेगने घेतली. १८९६ साली मुंबईत आणि पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेग शिरला. रोग घाणीतून, ओल्या जमिनीतून उठतो अशी तेव्हा समजूत होती. म्हणून घरोघर शिरून सामान जाळण्यात आले, जमिनी उकरण्यात आल्या. त्यातून उठलेला क्षोभ आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेली गोळी आपणांस ठाऊक आहे. पुढच्याच वर्षी कराचीत काम करणारे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी दाखविले की रोग उंदराच्या अंगावरील पिसवांमुळे पसरतो. काही वर्षांनी हिंदुस्थानातील प्लेग संशोधन मंडळाने ते पक्के केले. मग दृष्टी उंदरावरून मांजराकडे वळली. वऱ्हाडात अमरावतीस असलेले सरकारी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल बुकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांची पाहणी केली, आणि जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असा निष्कर्ष १९०८ च्या सुमारास मांडला. ज्या मांजराला दुधावर डोळा ठेवते म्हणून फुंकणीने हाकलीत, ते एकाएकी आरोग्यखात्याचे सेवक ठरले! आज आपण जाणतो की हे उत्तर अर्धेच होते. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, आणि त्याच्यापासून माणसालाही. खरा उपाय धान्य झाकून ठेवणे, बिळे बुजविणे आणि उष्टे पडू न देणे हाच. या साथीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. घर राखण्यात कोठे चूक होते याची इतकी मोठी किंमत क्वचितच कोणी दिली असेल.

प्लेगने जे भयाने शिकविले ते इंदूरने प्रयोगाने शिकविले. १९२४ साली इंदूरला 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही संस्था निघाली. अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक होते आणि यशवंत वाड हे त्यांचे सहकारी. दोघांनी मिळून १९३१ साली शेतातील टाकाऊ पदार्थांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले, आणि 'इंदूर पद्धती' हे नाव जगभर झाले. या पद्धतीचा पाया अगदी गोठ्यातला आहे. गुरांच्या पायांखाली रात्री पालापाचोळा, तणे, काडीकचरा अंथरावयाचा. सकाळी तो शेणामुतासह उचलून खड्ड्यात थर द्यावयाचे. गोठ्याची जमीन मातीचीच ठेवावयाची, म्हणजे मूत वाया न जाता मातीत मुरते. तिचा वरचा थर दर तीन-चार महिन्यांनी काढून खतात घालावयाचा आणि तेथे नवी माती आणावयाची. त्यात चुलीची राख आणि बेताचे पाणी घालावयाचे. ढीग तीन वेळा वरखाली करावयाचा, म्हणजे सुमारे तीन महिन्यांत काळेभोर, वास नसलेले खत तयार होते. ढीग आतून इतका तापतो की माश्यांच्या अळ्या आणि तणांचे बी त्यात टिकत नाही.

यातील मर्म लक्षात घ्या. नुसत्या उकिरड्यात शेण पडून राहते, वरून वाळते, आतून कुजते, आणि पावसात त्याचे सत्त्व वाहून विहिरीत जाते. इंदूर पद्धतीत तेच शेण, पण त्याला जागा, वेळ आणि हात मिळाले. हॉवर्ड यांनी आपण हिंदी शेतकऱ्यापासून शिकलो असे पुढे मोकळेपणाने सांगितले. माळव्यातील मराठी घरांना या गोष्टीचा अभिमान वाटावा हे योग्यच. पण आपल्या परसात आजही उकिरडाच असेल, तर त्या अभिमानाला अर्थ राहत नाही.

आता त्या तिसऱ्या गोष्टीविषयी, हातांविषयी, बोलले पाहिजे. जुन्या घराच्या स्वच्छतेचे गोडवे गाताना ती कोणाच्या हातांनी राखली गेली, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. पहाटेचे शेण काढणे, सडा घालणे आणि सारवणे ही बहुधा घरच्या बायकांची कामे. आणि गोठ्यातले जनावर मेले म्हणजे? ज्या बैलाला पोळ्याला पुरणपोळी भरविली, त्याचे प्रेत मात्र घरातला कोणी शिवत नसे. ते ओढून नेणे हे गावच्या महाराचे जन्मसिद्ध कर्तव्य मानले जाई, आणि ते करतो म्हणूनच त्याला अस्पृश्य म्हटले जाई. आपल्या अंगणाची शुद्धी अशा रीतीने दुसऱ्याच्या अपमानावर उभी होती. मार्च १९२७ मध्ये महाडला भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत जनावरांचे मांस सोडून देण्यास आणि ही लाजिरवाणी रूढी झुगारण्यास सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक आणले. मुंबई राज्यात १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली, आणि बेळगाव ज्यात गेले होते त्या म्हैसूर राज्यात १९६१ च्या कायद्याने ग्रामवतने संपली. गावोगावी अनेकांनी हे काम नाकारले तेव्हा, आता गुरे कोण ओढणार, असा आक्रोश सवर्ण घरांतून उठला. त्या आक्रोशाचे उत्तर कौटिल्याने दोन हजार वर्षांपूर्वी दिलेले होते: ज्याचे जनावर, त्याची जबाबदारी.

आणखी एका बाबतीत प्रांजळ झाले पाहिजे. शेणाला आपण पवित्र मानले. त्या पावित्र्याने जमिनी सारवल्या गेल्या, धूळ बसली, हा लाभ खरा. परंतु शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. आणि नवजात बालकाच्या नाळेला शेण किंवा राख लावण्याच्या चालीने किती पाळणे रिकामे केले त्याची गणती नाही. गर्भवतींना दिलेली लस आणि नाळेची स्वच्छता यांमुळे नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून निर्मूलित झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले. शेणाची जागा जमिनीवर आणि शेतात, जखमेवर नव्हे. चुकीच्या जागी ठेवलेली पवित्र वस्तूही घातकच ठरते.

यानंतरचा काळ आपल्या डोळ्यांपुढचा आहे. १९४९ साली आरे दुग्ध वसाहत स्थापून मुंबईतील म्हशींचे गोठे शहराबाहेर नेण्यास आरंभ झाला. इतर शहरांतूनही गोठे हळूहळू हटले. इंदूर, बडोदे, हैदराबाद, ग्वाल्हेर येथील जुने वाडे पाडून त्या जागी मजले उभे राहिले. गाय गेली, परंतु जनावराची सोबत माणसाला सुटली नाही. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत आज कुत्रा आहे, मांजर आहे, पिंजऱ्यात पोपटाऐवजी विदेशी पाखरे आहेत. आणि त्याच वेळी जिन्यात वास येतो, रस्त्यावर घाण पडते, शेजाऱ्याशी भांडण होते, आणि शेवटी एखाद्या रात्री ते कुत्रे मोटारीत घालून गावाबाहेर सोडून दिले जाते. आपण अंगण गमावले हे खरे. पण अंगणाबरोबर आपण जागा, वेळ आणि हात यांचा नियमही गमावला, हे दुःख अधिक मोठे आहे.

तो नियम आजही लागू पडतो. किंबहुना आजच्या शास्त्राने त्याला नवे बळ दिले आहे. शेणघाण रोज काढावी असे आजी सांगे. मांजराच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परोपजीवी विष्ठा बाहेर पडल्यापासून एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होतो. म्हणून मांजराची वाळूची परात रोज साफ केली की धोका फार कमी होतो. गर्भवतीने मात्र ते काम दुसऱ्यास द्यावे. कुत्र्याच्या पोटातील जंतांची अंडी मातीत काही आठवडे राहिल्यावर बाधक होतात. तेव्हा मुले खेळतात त्या अंगणातील किंवा बागेतील घाण तेथल्या तेथे उचलणे हाच उपाय. उष्ण हवेत माशीचे अंडे आठ-दहा दिवसांत माशी होऊन उडते. आठवड्यातून दोनदा शेण हलविले की तिचा वंश मध्येच खुंटतो. इंदूरचे खत गाईगुरांच्या शेणाचे. कुत्र्यामांजरांची घाण घरच्या लहान ढिगात घालून ते खत भाजीला वापरू नये, कारण तो ढीग पुरेसा तापत नाही. कुत्र्याला दरवर्षी पिसाळरोगाची लस टोचावी. त्याची पाण्याची वाटी रोज घासावी. त्याच्या निजण्याचे पोते आठवड्याने धुऊन उन्हात घालावे. पिसवांना ऊन मानवत नाही. यांत खर्चाचे काही नाही. नियम मात्र हवा.

आणि हे काम घरात कोणी करावे? मोलकरणीवर टाकून मोकळे होऊ नये. घरातील एकट्या गृहिणीवर तर मुळीच नाही. ज्या मुलाने हट्ट करून पिलू आणविले, त्या मुलाच्या हाती केरसुणी द्यावी. पाच हजार वर्षांत आपल्या समाजाने जनावराची जागा आणि वेळ उत्तम रीतीने ठरविली. हातांची वाटणी मात्र अन्यायाने केली. जुन्या घराचा वारसा घ्यावयाचा असेल तर पहिल्या दोन गोष्टी जशाच्या तशा घ्याव्या, आणि तिसरी सुधारून घ्यावी.

गोष्ठ, गोष्ठी आणि गोष्ट यांचा धागा आरंभी सांगितला. गोठा स्वच्छ असला की तेथे माणसे बसतात आणि बोलतात. आपल्या घरातील मुक्या सोबत्याची जागा अशी राखावी की आलेल्या पाहुण्याने नाकाला पदर न लावता तेथे बसावे आणि चार शब्द बोलावे. तेवढे साधले तर अंगण लहान असो की मोठे, घर राखले असे म्हणता येईल.